चर्चचा युथ ग्रुप पहिल्यांदाच हातात आलाय? मग शेजाऱ्यांपासून सुरू करा

चर्चमधला युथ ग्रुप नुकताच तुमच्या गळ्यात पडला असेल, म्हणजे पाळकांनी किंवा फादरनी किंवा कमिटीने "तरुणांचं आता तुम्ही बघा" एवढंच सांगून विषय संपवला असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. कारण बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही. मग आपण नेटवरून खेळ शोधतो, स्पीकर आणतो, गिटार वाजवणारा एखादा पोरगा पकडतो, सुरुवातीला हॉल भरतो आणि परीक्षा जवळ आल्या की रिकामा होतो. बऱ्याच ठिकाणी हे असंच होतं, त्यामुळे तुमच्यातच काहीतरी कमी आहे असं समजून खचू नका.

मी हे काम काही वर्षं केलंय, आणि माझं जे मत झालंय ते आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढच्या पायऱ्या असल्या का आहेत ते कळेल. बहुतेक ग्रुपमध्ये दोन कप्पे पडलेले असतात. एक मजेचा, त्यात खेळ, गाणी, सहल, कॅम्प. दुसरा सेवेचा, त्यात वर्षातून एकदा कुठेतरी जाऊन काहीतरी वाटायचं, फोटो काढायचे आणि घरी यायचं. पहिला पोरांना आवडतो पण टिकत नाही, दुसरा कोणालाच मनापासून आवडत नाही पण केला पाहिजे म्हणून करतात. माझं म्हणणं एवढंच की हे दोन कप्पे ठेवूच नका. नहेम्याच्या ८ व्या अध्यायातलं १० वं वचन सगळ्यांना पाठ असतं, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ, पण ते वचन सुरू कुठून होतं ते बघा, जा, चांगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलेलं नाही त्याच्याकडे वाटा पाठवा. सण करा आणि शेजाऱ्याचा वाटा काढा हे दोन्ही एकाच दमात सांगितलंय, आणि मगच बळाची गोष्ट आलीय. आपण शेवटचा तुकडा तेवढा उचलतो.

सुरू करण्याआधी एवढं गोळा करा

- चर्चच्या जबाबदार मंडळींची लेखी परवानगी (तोंडी "हो हो करा" चालत नाही)
- १८ च्या खालच्या प्रत्येक मुलासाठी पालकांचं सहीचं संमतीपत्र, त्यात ॲलर्जी, औषधं, आणि इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा तो नंबर
- तुमच्याशिवाय किमान एक, शक्यतो दोन विश्वासू मोठी माणसं, त्यात एक तरी बाई
- हजेरीची वही, आणि खर्चाची वेगळी वही
- पावतीपुस्तक
- प्रथमोपचाराची पेटी, आणि ती उघडून आतलं मलम एक्स्पायर झालंय का ते बघायची तयारी
- हॉलची किल्ली कोणाकडे असते त्या माणसाशी चांगले संबंध (हे मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही)
- बायबल, बॉल, आणि जे वाद्य कोणाला वाजवता येतं ते

प्रोजेक्टर, टीशर्ट, लोगो, बॅनर यातलं काहीही लागत नाही. ग्रुपचं नाव काय ठेवायचं यावर पहिल्या तीन मीटिंग घालवणारे ग्रुप मी बघितलेत, नाव आपोआप पडतं.

१. आधी सुरक्षिततेचे नियम, मग पोस्टर

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच लोक ते मागे टाकतात. प्लीज टाकू नका. चर्च म्हटलं की सगळे एकमेकांना ओळखतात, कोणावर संशय कशाला, असं वातावरण असतं, आणि ज्याला मुलांना त्रास द्यायचाय त्याला असंच वातावरण सोयीचं पडतं. म्हणून नियम सगळ्यांना सारखे, अगदी पाळकांनासुद्धा आणि तुम्हालासुद्धा.

कोणत्याही एका मोठ्या माणसाने एका मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही, बोलायचं असेल तर दार उघडं आणि दुसऱ्याला दिसेल अशा जागी. गाडीवरून एकट्या मुलाला सोडायला जायचं नाही. अल्पवयीन मुलांना रात्री-अपरात्री वैयक्तिक मेसेज नाहीत, जे काही ते ग्रुपवर, आणि त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन मोठी माणसं आणि ज्या पालकांना हवंय ते पालक. नवीन स्वयंसेवक आला तर त्याच्या आधीच्या चर्चमध्ये किंवा ओळखीत चौकशी करायची, आणि तो कितीही उत्साही असला तरी पहिले काही महिने मुलांची जबाबदारी एकट्यावर द्यायची नाही. जो माणूस या नियमांवर चिडतो त्याला नम्रपणे दुसरं काम द्या.

आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने येऊन सांगितलं की माझ्यासोबत कोणीतरी वाईट वागतंय, तर? शांतपणे ऐकायचं. "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. खोदून खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. त्याने वापरलेल्याच शब्दांत लिहून ठेवायचं, तारीख टाकायची, आणि त्याच दिवशी चर्चमधल्या नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला आणि कायद्याने जिथे कळवायला हवं तिथे कळवायचं. जबाबदार व्यक्तीवरच आरोप असेल तर तिला वगळून थेट वर आणि बाहेर. "चर्चची बदनामी होईल, आपापसात मिटवू" असं कोणीतरी म्हणेलच, त्याचं ऐकायचं नाही. ज्या मुलाने हिंमत केली तोच इथे तुमचा पहिला शेजारी आहे.

२. कार्यक्रम ठरवण्याआधी पोरांना विचारा

पहिले काही आठवडे कार्यक्रम कमी आणि गप्पा जास्त. प्रत्येकाशी थोडा वेळ बोला. मी तीन प्रश्न विचारतो: आठवडा कसा जातो तुझा, म्हणजे अगदी सोमवार ते शनिवार? चर्चमध्ये कशाचा कंटाळा येतो? आणि तुझ्या घराच्या आसपास कोणाची काळजी वाटते का? तिसऱ्या प्रश्नाला पहिल्यांदा "नाही, तसं कोणी नाही" येतं, थोडं थांबलात की मग येतं, खालच्या मजल्यावरचे काका पडले होते, वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली, असं. ते लिहून घ्या, पुढच्या पायरीला तेच लागणार आहे.

जे येत नाहीत त्यांनाही विचारा. कोणी रविवारी कामावर जातं, कोणाला धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, कोणाचं मागच्या युथ लीडरशी वाजलेलं असतं. मीटिंगची वेळ बदलल्याने जेवढी पोरं परत आली तेवढी कुठल्याही कॅम्पने आलेली मी बघितली नाहीत. आणि दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकताना चेहरा नीट ठेवा, बचाव करायला लागलात तर पुढच्या वेळी खरं सांगणार नाहीत.

३. शेजाऱ्यांची यादी पायी फिरून करा

लूकच्या १० व्या अध्यायात शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण, म्हणजे त्याला हद्द आखून हवीय, इथपर्यंत शेजारी, त्यापुढे नाही. मग वाटेत लुटून अर्धमेल्या टाकलेल्या माणसाला दोघं धार्मिक लोक टाळून गेले आणि परक्या शोमरोनी माणसाने उचललं, ही गोष्ट सांगून झाल्यावर येशू प्रश्नच फिरवतो, तिघांपैकी शेजाऱ्यासारखं वागलं कोण? ग्रुपला हा भाग वाचायला लावा आणि मग प्रवचन न करता सरळ चपला घालून बाहेर पडा. चर्चच्या इमारतीपासून सुरू करून आजूबाजूचे रस्ते पायी फिरायचे, तीन-चार जणांच्या टोळ्या करून, डोळे उघडे ठेवून.

काय बघायचं? एकटी राहणारी म्हातारी माणसं. नुकतेच राहायला आलेले, ज्यांना अजून भाषा किंवा रस्ते माहीत नाहीत. घरी आजारी माणूस असलेलं कुटुंब, आणि इथे लक्ष आजाऱ्यापेक्षा त्याची काळजी घेणाऱ्याकडे द्या कारण त्याला कोणीच विचारत नाही. रात्रपाळी करणारे. भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी. चर्चच्या अगदी दारात रोज बसणारा माणूस, ज्याचं नाव अख्ख्या मंडळीत कोणाला माहीत नसतं. आणि चर्चच्या आतलेही, शेवटच्या बाकावर बसून आशीर्वाद व्हायच्या आत निघून जाणारे.

यादी केली की लगेच मदत घेऊन धावू नका. आधी विचारा. आजींना किराणा हवाय असं आपण ठरवतो आणि आजींना खरं तर मोबाईलवर नातवाचा व्हिडिओ कॉल कसा उचलायचा तेवढंच हवं असतं.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो कारण यावरून गैरसमज होतात आणि भांडणंही होतात. शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल, कुठल्याच धर्माचा नसेल, तरी मदत तीच आणि तशीच. मदतीच्या बदल्यात "रविवारी उपासनेला या" असं कधीच म्हणायचं नाही, आडून आडूनही नाही. गोष्टीतल्या शोमरोन्याचं आणि यहूद्यांचं उपासनेच्या जागेवरूनच वाकडं होतं, तरी त्याने जखमी माणसाला तू कुठे उपासना करतोस असं विचारलेलं नाही. कोणी आपणहून विचारलं तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्या, दोन वाक्यांत, आणि थांबा.

४. महिन्याचा साधा क्रम

आमचा क्रम असा बसला, तुम्ही तुमच्या सोयीने फिरवा. पहिल्या आठवड्यात वचन आणि चर्चा, दुसऱ्यात घरभेटी किंवा काम, तिसऱ्यात खेळ-गाणी आणि त्यात शेजाऱ्यांनाही बोलवायचं, चौथ्यात एकत्र जेवण आणि कोणी काय बघितलं ते सांगायचं. दीड तास पुरतो.

चर्चेसाठी लेवीयचा १९ वा अध्याय घ्या. पोरांना वाटतं लेवीय म्हणजे नुसते यज्ञ आणि नियम, पण शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे वाक्य तिथलंच, १८ वं वचन. आणि त्याच्या आजूबाजूला काय काय आहे बघा, शेताच्या कडा कापू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, पिकल्या केसांसमोर उठून उभे राहा, परक्याला आपल्यातलाच समजा. एकेका टोळीला एकेक वचन द्या आणि विचारा, आपल्या गल्लीत हे कसं दिसेल? चर्चच्या पायऱ्यांना रॅम्प नाही हे आमच्याकडे या चर्चेतच पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि तेही शाळेत जाणाऱ्या पोराच्या.

बोलणं आटोपशीर ठेवा हो. प्रेषितांच्या कृत्यांच्या २० व्या अध्यायात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो वाचला, पण खाली जाऊन त्याला कवटाळणारा पौल होता, तुम्ही-आम्ही नाही. पंधरा मिनिटं बास.

५. घरभेट: सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाची गोष्ट

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र वादसभेत ख्रिस्ती धर्माची बाजू मांडायचे, आणि समोरून टोमणा आला की ते सगळं ठीक, पण आज या शहरातल्या गरिबांसाठी तुम्ही काय करताय? वाद जिंकण्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं. पण काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं, मग सिस्टर रोझाली रेंदू, ज्या त्या वस्त्यांमध्ये कित्येक वर्षं काम करत होत्या, त्यांनी पोरांना कुठल्या घरी जायचं आणि गेल्यावर कसं वागायचं ते शिकवलं. तिथून संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी उभी राहिली, आणि घरी जाऊन भेटणं हे आजही तिचं मुख्य काम आहे. यातून घ्यायचं ते हे की तुमच्या मंडळीतही एखादी रोझाली असतेच, वर्षानुवर्षं कोणाच्या ना कोणाच्या घरी जाणारी, बहुतेक वेळा कमिटीवर नसलेली. तिला शोधा, आणि पहिल्या भेटींना पोरांसोबत तिला पाठवा.

भेटीचे नियम:

आधी फोन करून किंवा निरोप देऊन विचारा, अचानक टपकू नका. दोघं किंवा तिघं जा, एकटं नाही, आणि पाच-सहा जणांचा घोळका तर अजिबात नाही, छोट्या खोलीत बसायला जागा नसली की घरच्यांनाच लाज वाटते. अल्पवयीन असतील तर सोबत मोठं माणूस. अर्धा तास पुरे, समोरचा थकलेला दिसला तर दहा मिनिटांत उठा.

घरातल्या वस्तूंकडे, भिंतींकडे बघत बसू नका. फोन खिशात. आजार किंवा दुःख असेल तर उपदेश करू नका, "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य तर घरीच ठेवून जा. बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सगळं गमावून बसलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोपर्यंत सगळं छान चाललं होतं, बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा, "करू का?", आणि नको म्हणाले तर मनातल्या मनात करा, चेहरा पाडू नका.

निघताना मोठी आश्वासनं नकोत. "काहीही लागलं तर सांगा" हे बोलायला छान वाटतं पण कोणी कधी सांगत नाही. त्यापेक्षा "पुढच्या शनिवारी संध्याकाळी येतो, येताना लाईट बिल भरून आणू का?" असं नेमकं विचारा. आणि मग त्या शनिवारी जा. नाही जमलं तर आधी कळवा. एकटा माणूस वाट बघत बसतो, तुमच्यासाठी तो एक कार्यक्रम असतो पण त्याचा अख्खा आठवडा त्याभोवती असतो. माझ्या मते दहा घरी एकेकदा जाण्यापेक्षा दोन घरी वर्षभर जाणं कधीही चांगलं.

घरी ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. चौथ्या आठवड्याच्या गप्पांमध्येसुद्धा नाव, आजार, पैशाची अडचण येता कामा नये. प्रार्थना विनंतीच्या नावाखाली गॉसिप फार सहज पसरतं, आणि एकदा पसरलं की ते दार तुमच्यासाठी बंद.

फोटो? नको. मत्तयच्या ६ व्या अध्यायात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका असं आहे, आणि आपल्या तर दोन्ही हातांत मोबाईल असतो. कमिटीला रिपोर्ट हवा असेल तर आकडे द्या, चेहरे देऊ नका.

६. पैसे

थोडक्यात सांगतो पण हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण चांगले चांगले ग्रुप इथेच फुटतात. पैसे एकट्याने मोजायचे नाहीत, दोघांनी मोजून दोघांच्या सह्या. पैसे तुमच्या वैयक्तिक खात्यात घ्यायचे नाहीत, चर्चच्या खात्यातून जाऊ द्या, उशीर होतो पण चालेल. दर महिन्याला हिशोब कमिटीला दाखवायचा, त्यांनी मागितला नाही तरी. कोणालाही उसने द्यायचे नाहीत, द्यायचे तर मदत म्हणून द्या आणि विसरून जा, कारण उसने घेतलेला माणूस तुम्हाला टाळायला लागतो आणि पैशासोबत शेजारीही जातो.

शक्य असेल तिथे रोख रक्कम हातात देण्याऐवजी थेट औषधवाल्याला, शाळेला, दुकानदाराला द्या. शोमरोन्यानेही दोन दीनार उतारशाळेच्या मालकाकडे दिले. दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, मत्तयच्या २० व्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत तोच भाव ठरलाय. म्हणजे दोन दिवसांची कमाई, आणि वर जास्त खर्च झाला तर परत येताना देतो असा शब्द. पण त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं नाही हेही बघा. पट्ट्या बांधल्या, जनावरावर घातलं, रात्रभर काळजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचं ते कामच आहे अशा माणसाकडे सोपवून स्वतःच्या प्रवासाला निघून गेला. ग्रुपलाही हेच जमलं पाहिजे: डॉक्टर, समुपदेशक, सरकारी योजना, वकील यांची यादी हाताशी ठेवा आणि जिथे आपलं ज्ञान संपतं तिथे त्यांच्याकडे पाठवा.

७. आनंदाचं काय

आता तुम्ही म्हणाल, घरभेटी, हिशोब, नियम, यात पोरांना मजा कधी येणार? येते, आणि जबरदस्त येते, पण ती आणायला गेलं की येत नाही.

खेळ खेळाच, भरपूर खेळा, फक्त कोणाची फजिती करून हसवणारे खेळ बाद करा. लाजाळू पोराला सगळ्यांसमोर उभं करून नाचायला लावलं की बाकीचे हसतात आणि तो पुढच्या आठवड्यापासून येत नाही. गाणी म्हणा, पण आवाज वाढवला म्हणजे आनंद वाढला असं नाही, कधीतरी स्पीकर बंद करून नुसत्या आवाजात म्हणून बघा. आणि तिसऱ्या आठवड्याला शेजाऱ्यांना बोलवा: जुन्या चाली शिकवायला एखाद्या आजोबांना आणा, ज्यांना पोरं आदल्या आठवड्यात भेटून आलीत त्यांनाच. पोरं ज्या दिवशी सगळ्यात जास्त हसली ते दिवस मी आठवतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा कोणीतरी म्हातारं माणूस असतं.

या बाबतीत पोरांना पिअर जॉर्जो फ्रासाती सांगा. इटलीतल्या ट्युरिनचा, १९०१ चा जन्म, वडील ला स्टांपा या मोठ्या वर्तमानपत्राचे मालक. डोंगर चढायचा, मित्रांची टवाळखोर नावाची टोळी केली होती, खोड्या काढण्यात पुढे. आणि त्याच हाताने वस्त्यांमध्ये औषधं पोचवायचा, गाडीभाड्याचे पैसे देऊन टाकून घरी चालत यायचा. १९२५ मध्ये पोलिओने गेला, २४ व्या वर्षी, आणि अंत्यविधीला गरिबांची एवढी गर्दी झाली की घरच्यांना तेव्हा कळलं पोरगा काय करत होता. २०२५ मध्ये त्याला संत घोषित केलं. टवाळखोरी आणि सेवा यांत त्याला काही अडचण दिसली नाही, मग आपल्यालाच का दिसावी.

एक मोठा खड्डा मात्र इथेच आहे. आनंदाची सक्ती करू नका. एखादी मुलगी गप्प बसलीय, खात नाहीये, पूर्वीसारखी बोलत नाही, आणि आपण तिला "प्रभूमध्ये सदा आनंद कर" म्हणून वचन सुनावतो. ज्या पत्रात ते वचन आहे ते फिलिप्पैकरांस पत्र पौलाने तुरुंगातून लिहिलंय, आणि त्याच पत्रात तो रडत रडत सांगतो असंही म्हणतो, सहकारी आजारी पडून मरायला टेकला होता तेव्हा दुःखावर दुःख आलं असतं असंही लिहितो. रडणाऱ्यांबरोबर रडा हे रोमकरांस पत्रातलं, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद कराच्या लगेच पुढचं. स्तोत्रांमध्येही किती विलाप आहेत. म्हणून चौथ्या आठवड्याच्या गप्पांमध्ये "या महिन्यात वाईट काय झालं" हा प्रश्न ठेवाच.

कोणी मरणाच्या गोष्टी बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर प्रार्थना कराच पण तेवढ्यावर थांबू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. विश्वास कमी पडतोय वगैरे कोणी म्हणालं तर त्याला बाजूला घ्या.

८. खरी कामं पोरांना द्या, खुर्च्या लावण्यापुरती नकोत

कृत्यांच्या ६ व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तक्रार झाली, आणि प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांकडे काम सोपवलं. माझ्या दृष्टीने युथसाठी याहून चांगला सल्ला नाही. जो कुरकुर करतो "आपल्याकडे नवीन माणसाला कोणी विचारत नाही", त्याला दारावर स्वागताला उभं करा. जी म्हणते हिशोब कधी कळत नाही तिला वही द्या.

न बोलणाऱ्यांनाही काम असतं. एक जण भेटींचं वेळापत्रक सांभाळेल, एक जण वाढदिवस आणि वर्षश्राद्धाच्या, म्हणजे ज्यांच्या घरी कोणी गेलंय त्या तारखा लक्षात ठेवेल (वर्ष झाल्यावर त्या दिवशी एक फोन जाणं याचं मोल ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्यालाच कळतं), एक जण नळ दुरुस्त करेल. काम दिलं की मध्ये मध्ये नाक खुपसू नका. थोडं वाकडं होईल, होऊ द्या. फक्त सुरक्षितता आणि पैसे या दोन ठिकाणी लक्ष सोडायचं नाही.

९. गर्दी कमी झाली तर

होणारच. परीक्षा, नोकऱ्या, प्रेमप्रकरणं, लग्नं. आकडा बघून घाबरू नका आणि शेजारच्या चर्चच्या युथशी तुलना तर करूच नका. हजेरीची वही मोजायला नसते, न आलेल्याला फोन करायला असते, आणि त्या फोनवर "का आला नाहीस" न विचारता "कसा आहेस" विचारायचं. सहा जण आणि दोन घरं नियमित चालू असतील तर ग्रुप चालू आहे असं धरा.

तुम्ही स्वतःही वर्षातून काही आठवडे सुट्टी घ्या, आधी सांगून. घर, नोकरी, अभ्यास सोडून चर्चमध्येच राहणारा लीडर दोन वर्षांत चिडचिडा होतो, आणि सगळ्यात आधी ते पोरांना कळतं.

१०. सोडताना काय करायचं

हे पहिल्याच वर्षी ठरवा, कारण बहुतेक ग्रुप लीडर गाव सोडतो किंवा त्याचं लग्न होतं तेव्हा बंद पडतात. प्रत्येक घराला दोन ओळखीचे चेहरे हवेत म्हणजे एक गेला तरी दुसरा जातो. फ्रासातीने मरणाच्या आदल्या दिवशी हात जवळजवळ लुळा पडलेला असताना चिठ्ठी लिहिली होती, एका गरीब माणसाची इंजेक्शनं पोचवा म्हणून. आपण तेवढी वेळ येऊ देऊ नये, सगळं आधीच वहीत असावं: कोणत्या घरी कधी जायचं, कोणाला ऐकू कमी येतं, कोणाला प्रार्थना आवडते, कोणाला नको असते, कोणाची औषधं कुठून येतात. त्यात खाजगी गोष्टी नकोत आणि वही कपाटात कुलपात.

नवीन माणूस ठरला की निदान तीन महिने दोघांनी मिळून काम करा. शेजाऱ्यांच्या घरी त्याला घेऊन जा, ओळख करून द्या, पुढच्या भेटीला त्याला बोलू द्या, त्यापुढच्या भेटीला तुम्ही जाऊ नका. व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद सोडा, बँकेतली सही बदला, पावतीपुस्तकातल्या उरलेल्या पावत्या मोजून त्याची सही घ्या, आणि किल्ली त्याच्या हातात द्या, दुसरी किल्ली तुमच्याकडे "असू दे" म्हणून ठेवून घेऊ नका.